कधी चालते, कधी बंद पडते: जुन्या मोटरबोटीच्या इंजिनातला अधूनमधून उद्भवणारा बिघाड कसा शोधावा

३१ जुलैला मासेमारीबंदी संपते आणि गोव्यात मालीम, शापोरा, कुटबण येथल्या धक्क्यांवर होड्या पुन्हा पाण्यात उतरू लागतात. फिरण्यासाठी ठेवलेल्या खासगी मोटरबोटी त्यानंतर, पाऊस ओसरल्यावर, ताडपत्रीखालून बाहेर येतात. याच दिवसांत जुन्या बोटींच्या मालकांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. धक्क्यावर इंजिन सुरळीत चालते, नदीत अर्धा तास गेल्यावर गचके देऊन बंद पडते, थोडा वेळ थांबले की काहीच न झाल्यासारखे पुन्हा सुरू होते आणि मेकॅनिकला दाखवावे तर त्याच्यासमोर एकदाही बंद पडत नाही. अलीकडे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागल्यापासून या तक्रारीला एक तयार उत्तरही मिळाले आहे: दोष इथेनॉलचा. ते उत्तर काही वेळा बरोबर असते, पण पुष्कळदा अपुरे असते.

हा विषय नीट समजून घेणे जिवाच्या दृष्टीनेही आवश्यक आहे. सुरूच न होणारे इंजिन बोटीला धक्क्यावर ठेवते. अधूनमधून बंद पडणारे इंजिन मात्र माणसांना बोटीत बसवून मांडवी नदीच्या मुखापर्यंत घेऊन जाते. तेथे आग्वादजवळच्या उथळ वाळूवर लाटा फुटतात, आणि इंजिन बंद पडलेली बोट लाटांना आडवी होते.

इंजिनाला नेमके काय लागते

पेट्रोल इंजिन चालण्यासाठी चार गोष्टी लागतात: योग्य प्रमाणात इंधन, हवा, योग्य क्षणी पडणारी ठिणगी आणि सिलिंडरमधला दाब. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. तेथे दाबामुळे तापलेल्या हवेत इंधन आपोआप पेटते. या चारांपैकी दाबाचा दोष सहसा येऊन जाऊन राहत नाही, कारण पिस्टनची झिजलेली रिंग अर्ध्या तासाने पुन्हा नवी होत नाही. हवेचा मार्गही अचानक अडून अचानक मोकळा होणे विरळाच. त्यामुळे येऊन जाणाऱ्या बिघाडाचा शोध प्रामुख्याने इंधन आणि वीज या दोनच दिशांना घ्यावा लागतो. इंजिन गरम होणे ही तिसरी दिशा आहे, तिचा विचार पुढे केला आहे.

बिघाड कोणत्या परिस्थितीत येतो, ते आधी लिहून काढावे

असा बिघाड लहरी वाटतो, पण तो लहरी नसतो. प्रत्येक वेळी तो एखादी ठरावीक परिस्थिती जुळून आली की येतो आणि ती परिस्थिती मोडली की जातो. ती परिस्थिती उष्णतेची असेल, हादऱ्यांची असेल, ओलाव्याची असेल, इंजिनावरच्या भाराची असेल किंवा टाकीतल्या इंधनाच्या पातळीची असेल. म्हणून माझ्या मते पान्हा हातात घेण्याआधी वही हातात घ्यावी. सुरू केल्यापासून किती वेळाने इंजिन बंद पडले, त्या वेळी वेग किती होता, नदी शांत होती की लाटा होत्या, टाकी किती भरलेली होती, किती वेळ थांबल्यावर इंजिन पुन्हा सुरू झाले, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. आठवड्याने स्मरणातून सांगितलेल्या तपशिलात आपल्या मनातला संशय मिसळलेला असतो.

त्यातही सर्वांत मोलाची नोंद म्हणजे इंजिन कसे बंद पडले ही. आवाज हळूहळू खाली येत, दम लागल्याप्रमाणे अडखळत ते थांबले असेल, तर संशय इंधनावर घ्यावा. कोणी किल्ली फिरवावी तसे क्षणात गप्प झाले असेल, तर विजेवर घ्यावा. हा नियम सर्वच प्रसंगी अचूक ठरत नाही, परंतु शोध कोठून सुरू करायचा हे त्यावरून ठरवता येते, आणि जुन्या बोटीच्या बाबतीत सुरुवात योग्य ठिकाणी झाली तर निम्मा खर्च वाचतो.

टाकीपासून इंजिनापर्यंतची वाट

जुन्या बोटीत सर्वाधिक दोष याच वाटेवर सापडतात, म्हणून येथे थोडे रेंगाळणे योग्य ठरेल.

टाकीला एक श्वासनळी असते, म्हणजे इंधन बाहेर जाईल तितकी हवा आत घेणारी बारीक नळी. तेलाच्या पत्र्याच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल गचके देत येते आणि शेवटी थांबते, म्हणून घरोघरी दुसरे भोक पाडतात; श्वासनळी म्हणजे टाकीचे ते दुसरे भोक होय. ती तुंबली की टाकीत पोकळी तयार होत जाते, इंधनाचा पंप ओढून ओढून थकतो आणि वीस-पंचवीस मिनिटांनी इंजिन उपाशी राहून बंद पडते. थांबल्यावर हवा कशीबशी आत शिरते आणि इंजिन पुन्हा सुरू होते. आपल्याकडे पावसाळ्यात बोट महिनोन्महिने किनाऱ्यावर असताना कुंभारीण माशी या नळीच्या तोंडाशी मातीचे घर बांधते, आणि बाहेरून पाहणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. याची परीक्षा सोपी आहे. इंजिन अडखळू लागताच टाकीचे झाकण सैल करावे. हवा आत ओढल्याचा फुस्स आवाज आला आणि इंजिन सावरले, तर दोष सापडला. झाकण उघडताना जवळपास विडी-सिगारेट वा ठिणगी पडेल असे काहीही असता कामा नये.

आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवलेल्या, इंजिनाच्या इंधन नळीत हाताने दाबण्याचा जो रबरी फुगा असतो, त्याला प्रायमर बल्ब म्हणतात. बिघाड चालू असताना तो हाती घेऊन पाहिला तर पुष्कळ काही कळते. तो आत ओढला जाऊन चपटा झाला असेल, तर अडथळा फुग्याच्या अलीकडे, म्हणजे टाकीच्या बाजूला आहे. तो मऊ असेल, कितीही दाबला तरी कडक होत नसेल, तर नळीच्या एखाद्या जोडातून हवा शिरत असावी किंवा फुग्यातली झडप गेलेली असावी. आणि फुगा दाबत राहिले तोवर इंजिन चालते, सोडला की मरते, असे असेल तर इंजिनावरच्या इंधन पंपाचा पडदा अशक्त झाला असण्याची शक्यता मोठी. ही तीन निरीक्षणे करायला पैसा लागत नाही. ती बिघाडाच्या त्या मिनिटातच करावी लागतात, एवढीच अट आहे. म्हणून चालकाखेरीज दुसरा माणूस बोटीत हवा.

रबरी नळीचा दोष फसवा असतो. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या जुन्या नळीचे आतले अस्तर सुटते आणि इंधनाचा ओढा वाढला की झडपेसारखे आडवे येते. सावकाश चालताना अस्तर बाजूला पडून राहते, म्हणून इंजिन निर्धोक चालते. वेग वाढवला की वाट बंद. अशी नळी डोळ्यांनी तपासण्यात वेळ घालवू नये. नळीवर छापलेल्या वर्षावरून ती दहा वर्षांहून जुनी दिसली, तर बोटीच्या इंधनासाठीच बनवलेली नवी नळी सरळ बसवावी. बागेची किंवा पाण्याची पारदर्शक नळी पेट्रोलसाठी वापरू नये.

टाकीच्या आत तळापर्यंत जाणारी शोषनळी असते. तिला मध्यावर चीर गेली, तर टाकी भरलेली असेपर्यंत चीर इंधनाखाली बुडालेली राहते आणि काहीच त्रास होत नाही. पातळी चिरेखाली गेली की नळी इंधनाबरोबर हवा ओढू लागते. टाकी अर्धी झाली की त्रास सुरू होतो, अशी नोंद वहीत सापडली तर येथे पाहावे. टाकीतली पातळी लिहून ठेवण्याचा आग्रह मी धरतो तो याचसाठी.

आणि आता पुन्हा नदीच्या मुखाकडे. जुन्या टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षांचा गाळ, गंज आणि पाणी साचलेले असते. नदीत पाणी सपाट असते, तोवर हे सगळे तळाशी निजून राहते. उथळ वाळूवरच्या लाटांत बोट आदळू लागली की तो गाळ ढवळला जातो, शोषनळीत शिरतो आणि फिल्टर तुंबतो. इंजिन नदीत कधीच बंद पडत नाही, मुखाशी पोचले की पडते, या अनुभवामागे पुष्कळदा एवढेच कारण असते. डिझेल इंजिनांत हे अधिक दिसते, कारण डिझेल आणि पाणी जेथे एकमेकांना भिडतात तेथे सूक्ष्मजीव वाढून काळपट बुळबुळीत थर तयार होतो. पाणी वेगळे करणारा फिल्टर काचेच्या भांड्यात रिकामा करावा आणि पाच मिनिटे तसाच ठेवावा. तळाशी पाण्याचा थर किंवा काळे कण दिसले, तर फिल्टर बदलून भागणार नाही, टाकीच साफ करावी लागेल.

या साऱ्या शक्यता एकाच परीक्षेने दोन भागांत वाटता येतात, आणि ही परीक्षा मला सर्वांत उपयोगी वाटते. एक छोटी सुटी टाकी, नवी नळी, नवा फुगा आणि ताजे पेट्रोल घेऊन इंजिन थेट तिच्यावर चालवावे. त्रास गेला, तर दोष बोटीच्या टाकीत किंवा नळ्यांत आहे. त्रास तसाच राहिला, तर ती सगळी बाजू निर्दोष ठरली आणि शोध इंजिनापुरता उरला.

मग इथेनॉलचे काय?

इथेनॉल म्हणजे ऊस वा धान्यापासून बनवलेले अल्कोहोल. २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलची विक्री आपल्या देशात फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली आणि २०२५ पर्यंत ते जवळजवळ सर्वत्र पोचले. बहुतेक आउटबोर्ड इंजिनांच्या पुस्तिकांत मात्र इथेनॉलची मर्यादा १० टक्के दिलेली असते. त्यामुळे जुन्या बोटींच्या मालकांची काळजी अनाठायी नाही.

इथेनॉलचे परिणाम तीन प्रकारचे आहेत. ते जुन्या रबराला आणि काही जुन्या फायबरग्लास टाक्यांतल्या रेझिनला मऊ करते, आणि टाकीत चिकटून बसलेली जुनी घाण सोडवून फिल्टरकडे पाठवते. त्याच्या एका लिटरात पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा असते आणि जळताना त्याला हवा कमी लागते, म्हणून हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या ठरावीक छिद्रांतून जाणारे मिश्रण इंधनाच्या बाबतीत थोडे पातळ पडते. तिसरा परिणाम बोटीसाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. इथेनॉल पाणी धरून ठेवते, पण काही मर्यादेपर्यंतच. ती मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. शोषनळी तळाशीच असते, त्यामुळे इंजिनाला पहिला घोट त्या थराचा मिळतो. २० टक्क्यांचे मिश्रण १० टक्क्यांच्या मिश्रणापेक्षा अधिक पाणी सामावून घेते, पण एकदा वेगळे झाले की तळाचा थरही मोठा असतो. बाटलीतले कोणतेही औषध टाकून असे फुटलेले पेट्रोल पुन्हा एकजीव होत नाही. ते काढून टाकावेच लागते.

तरीही विचारावे की ते पाणी आले कोठून? हवेतून येते ते थोडे. डेकवरच्या इंधनाच्या झाकणाखालची रबरी रिंग चिरलेली असली, तर गोव्याच्या पावसात त्या वाटेने आत जाणारे पाणी त्याहून किती तरी अधिक असते. ती रिंग फार थोड्या पैशांत मिळते. इथेनॉलला दोष देण्याआधी ती बदलावी, टाकी उन्हाळ्याअखेरीस रिकामी करावी किंवा पूर्ण भरून ठेवावी, आणि पावसाळाभर टाकीत राहिलेले पेट्रोल हंगामाच्या पहिल्या फेरीत वापरू नये.

क्षणात गप्प होणारे इंजिन

विजेच्या बाजूला पहिली नजर सुरक्षा-दोरीच्या कळीकडे टाकावी. चालक पाण्यात पडला तर इंजिन थांबवणारी ही कळ जुनी झाली की हादऱ्यानेही इंजिन बंद करते. ती बदलावी. कायमची जोडून निकामी करण्याचा सल्ला कोणी देईल, तो मानू नये.

त्यानंतर जोड. खाऱ्या दमट हवेत तांब्याची तार वेष्टनाच्या आतून हिरवी पडत जाते आणि बाहेरून नवी दिसते. घरातल्या वायरिंगची तार वापरून, ती पिळून वर टेप गुंडाळून केलेल्या दुरुस्त्या आपल्या धक्क्यांवर सर्रास दिसतात. त्या उन्हाळ्यात चालतात आणि पावसाळ्यानंतर त्रास देऊ लागतात. बोटीसाठी कथिलाचा मुलामा दिलेली तार आणि पाणी न शिरणारे जोड वापरावेत. इंजिन मंद चालू ठेवून, फिरत्या भागांपासून हात दूर ठेवत, एकेक जोड हलवून पाहावा. ज्या जोडाला हात लावताच इंजिन अडखळते तो दोषी.

साध्या मल्टिमीटरने त्याहून निश्चित उत्तर मिळते. पूर्ण भरलेली, विश्रांती घेतलेली १२ व्होल्टची बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. पण खरी परीक्षा भाराखाली होते. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून स्टार्टर फिरवावा. मीटरने अर्ध्या व्होल्टहून अधिक दाखवले, तर तेवढी वीज मधल्या केबलमध्ये किंवा गंजलेल्या जोडात वाया जात आहे. केबल नुसती पाहून हे कधीही कळत नाही.

इंजिन तापल्यावर बंद पडते, टाकीचे झाकण सैल करून फरक पडत नाही, आणि अर्ध्या तासाने गार झाल्यावरच सुरू होते, अशी नोंद असेल तर ठिणगी निर्माण करणारी कॉइल किंवा तिचा इलेक्ट्रॉनिक भाग संशयित ठरतो. उष्णतेने तार किंचित प्रसरण पावते आणि आतला तुटका जोड उघडतो. गार असताना मोजले तर सारे ठीक दिसते, म्हणून बंद पडल्याच्या क्षणीच ठिणगी-परीक्षक लावून पाहावे. इंजिन बोटीच्या पोटात असेल तर त्याआधी इंजिनावरचे झाकण उघडून पेट्रोलचा वास नाही याची खात्री करावी आणि आतली हवा बाहेर काढणारा पंखा किमान चार मिनिटे चालवावा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचते, आणि एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो.

वेग स्वतःहून कमी होत असेल तर

पुष्कळ इंजिने गरम झाली की आपला वेग स्वतःहून मर्यादित करतात. मालकाला तो बिघाड वाटतो, पण इंजिन स्वतःला वाचवत असते. येथे कारण पाण्याच्या पंपातले रबरी पंख्यासारखे चाक, म्हणजे इम्पेलर, झिजल्याचे असू शकते, किंवा थंड करणाऱ्या पाण्याचा प्रवाह तापमानानुसार सोडणारी झडप, म्हणजे थर्मोस्टॅट, मिठाने जाम झाल्याचे. मांडवीत आणि साळ नदीत आणखी एक कारण असते: प्लास्टिकची पिशवी. ती पाणी ओढण्याच्या जाळीवर चिकटते, इंजिन तापते, थांबल्यावर ओढा संपून पिशवी सुटते आणि वाहून जाते. पुरावाच उरत नाही. म्हणून वेग घटताच इंजिनातून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या धारेकडे पाहावे आणि, जमत असेल तर, बंद करण्याआधी न्यूट्रलमध्ये टाकून क्षणभर मागचा गिअर लावावा. धार लगेच सुधारली तर पिशवीच होती.

इंजिनाचे फेरे वाढतात पण बोट पुढे जात नाही, हा प्रकार मात्र निराळा. तेथे बोट पुढे ढकलणाऱ्या पंख्याच्या, म्हणजे प्रोपेलरच्या, मध्यातले रबर सुटलेले असते. इंजिन उघडण्याचे कारण नाही.

'मेकॅनिक आला की इंजिन बरोबर चालते'

चालणारच, कारण धक्क्यावर इंजिनावर भार नसतो. बोट उभी असताना लागणारे इंधन पूर्ण वेगाच्या मानाने अगदी थोडे असते, आणि तेवढे तर अर्ध्या तुंबलेल्या नळीतूनही येते. बागेच्या नळाचे पाणी जोडून चालवलेल्या इंजिनाबद्दलही हेच खरे. मेकॅनिकला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला बोटीत बसवून न्यावे, वही दाखवावी आणि ज्या परिस्थितीत बिघाड येतो तीच पुन्हा घडवावी. त्यासाठी नदीच्या मुखाशी जाऊ नये. रायबंदर-चोडणसारख्या फेरीमार्गांपासून आणि बार्जच्या वाटेपासून दूर, रुंद व शांत पाण्यात, भरतीच्या वेळी जावे. नांगर दोरासकट मोकळा ठेवावा. इंजिन बंद पडले तर आधी नांगर टाकावा, कारण तपासायला नंतर वेळ मिळतो आणि वाहत गेलेल्या बोटीला तो मिळत नाही. समुद्रात संकट आल्यास तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आणि व्हीएचएफ रेडिओचा १६ क्रमांकाचा चॅनेल बोटीतल्या प्रत्येकाला माहीत असावा.

'एकदाच सगळे सुटे भाग बदलून टाकले तर?'

वयोमानाने बदलायच्याच अशा वस्तू, म्हणजे फिल्टर, स्पार्क प्लग, जुनी नळी, फुगा आणि इम्पेलर, बिनदिक्कत बदलाव्यात. त्यासाठी पुरावा शोधत बसण्याची गरज नाही. कॉइल, इलेक्ट्रॉनिक भाग, कार्ब्युरेटर, इंधन पंप हे मात्र अंदाजाने बदलू नयेत. ते महाग असतात, जुन्या इंजिनांसाठी मागवायला आठवडे लागतात, आणि एकाच दिवशी चार भाग बदलल्यावर त्रास गेला तर कशाने गेला हे कळत नाही. त्रास एक महिन्याने परतला, तर शोध पुन्हा आरंभापासून करावा लागतो. एका वेळी एकच बदल करावा, त्याची नोंद करावी, त्याच परिस्थितीत बोट पुन्हा चालवावी आणि काढलेला भाग फेकून देऊ नये.

'त्यापेक्षा नवे इंजिन घेतलेले बरे'

इंजिनाचा दाब मोजून एखादा सिलिंडर इतरांपेक्षा फार कमी भरला, तर हा विचार रास्त आहे. पण वर सांगितलेल्या दोषांपैकी श्वासनळी, झाकणाची रिंग, शोषनळी, टाकीतला गाळ आणि गंजलेली केबल यांपैकी एकही इंजिनात नाही. हे सारे बोटीत आहे, आणि नवे इंजिन बसवल्यावरही बोटीतच राहणार आहे. शिवाय इंधन थेट सिलिंडरकडे फवारणाऱ्या नव्या इंजिनांना घाण, पाणी आणि कमी पडणारे व्होल्ट जुन्या कार्ब्युरेटरवाल्या इंजिनांपेक्षा कमी सहन होतात. त्यामुळे नवे इंजिन घ्यायचे ठरलेच, तर विक्रेत्याशी बोलताना टाकीची सफाई, नवी इंधन नळी, पाणी वेगळे करणारा नवा फिल्टर आणि बॅटरीच्या नव्या केबल यांचा खर्च त्याच अंदाजपत्रकात मांडून घ्यावा.